माझ्या रिकाम्या डोक्यातले पाणी

“मान वर, नजर समोर, आणि कुणी बघो न बघो, हसायचं थांबायचं नाही!”

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. ज्या रंगाऱ्याने ते उच्चारले त्याने नुकताच माझा उजवा कान रंगवून पूर्ण केला होता, म्हणून तेवढे तरी ऐकू आले. डावा कान दुसऱ्या दिवशी झाला.

मी कपड्यांच्या दुकानात उभी करतात ना, तशी एक जुनी बाहुली आहे. उंची सहा-सात वर्षांच्या मुलीएवढी. आज माझ्या नाकाचा रंग उडाला आहे, एक हात सुतळीने बांधलेला आहे, मानेत स्प्रिंग आहे आणि पोटावर काचेची नळी. तुम्ही म्हणाल, ही कसली बाहुली! तेच तर सांगायला बसले आहे.

साच्यातून माझे दोन अर्धे निघाले आणि ते एकमेकांना चिकटवून मी झाले. आतून मी पोकळ. डोके तर निव्वळ डबा. रंगारी त्यावर टिचकी मारून म्हणाला होता, “रिकामं आहे ते बरं आहे. भरलेल्या डोक्याची माणसं दुकानात तासभरसुद्धा उभी राहत नाहीत.”

मी मात्र वर्षानुवर्षे उभी राहिले. दुकानाच्या काचेमागे रोज नवा फ्रॉक, पायात पांढरे मोजे. मुले काचेला नाक लावून मला बघायची आणि काचेवर वाफेचा गोल ठेवून जायची. आया आपल्या लेकींना म्हणायच्या, “बघ, ती कशी शहाण्यासारखी उभी आहे! नाहीतर तू.” त्या लेकी माझ्याकडे अशा रागाने बघत की विचारू नका. पण खोटे कशाला बोलू, मला ते कौतुक आवडायचे.

मग फॅशन बदलली. दुकानात बिनडोक्याच्या बाहुल्या आल्या. गळ्यापर्यंत सगळे व्यवस्थित, आणि वर काहीच नाही! लोकांना त्याच आवडू लागल्या. आयुष्यभर रिकाम्या डोक्यावरून टोमणे ऐकले, आणि शेवटी डोके असणे हाच माझा दोष ठरला. मला माडीवरच्या अडगळीच्या खोलीत ठेवले. माझ्या एका हातावर छत्र्या टांगू लागले. छत्र्या ओल्या आणि हात जुना. एक दिवस तो खांद्यातून निसटला. पुढे दुकानाला रंग द्यायचा निघाला, तेव्हा मोडकी खुर्ची, रिकामे डबे आणि मी असे आम्ही सगळे फुटपाथवर आलो.

कुणाचे नशीब कधी उघडेल सांगता येत नाही. त्याच सकाळी एक वयस्कर गृहस्थ स्कूटरवरून चालले होते. मला बघून त्यांनी कचकन ब्रेक मारला. खाली उतरून माझ्या डोक्यावर टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“हिला नेऊ का हो?”

दुकानदार म्हणाला, “न्या की. पण नातीसाठी नेत असाल तर आधीच सांगतो, घाबरेल पोर.”

“नातीसाठी नाही. नोकरीला ठेवायचीय हिला.”

“नोकरीला? अहो, डोक्यात काही नाही तिच्या!”

“मग पाहिजे ती हीच,” असे म्हणून त्यांनी मला स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवून दोरीने करकचून बांधले. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाई ओरडल्या, “अहो काका, मुलीला नीट धरा, पडेल ना!” काका मागे न बघता म्हणाले, “काळजी नको ताई, बांधून ठेवलीय.” बाईंचा वासलेला आ मी पुढच्या चौकापर्यंत बघत होते.

हे आमचे यंत्रकाका. एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर एक लांबट प्रयोगशाळा होती. तिथली उपकरणे काका बनवत आणि दुरुस्त करत. प्रयोगशाळा होती डॉक्टरबाईंची. बाई मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया करायच्या आणि उरलेल्या वेळात संशोधन. बोलणे हळू, चालणे झपाझप. काम सुरू करण्याआधी त्या घटकाभर डोळे मिटून हात जोडायच्या, आणि संध्याकाळी वॉर्डातल्या प्रत्येक खाटेशी थांबल्याशिवाय घरी जायच्या नाहीत. हा त्यांचा नेम. ताप असो, पाहुणे असोत, नेम चुकला नाही.

मित्रांनो, इथे तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात पाणी असते. हसू नका! मेंदू त्या स्वच्छ पाण्यात अलगद तरंगतो, म्हणून उड्या मारल्या तरी त्याला धक्का बसत नाही. हे पाणी रोज नवे तयार होते आणि जुने आपल्या वाटेने निघून जाते. काही बाळांच्या डोक्यात ही वाट बंद पडते. पाणी साठत जाते, डोके मोठे होऊ लागते, मेंदूवर दाब येतो. या आजाराला जलशीर्ष म्हणतात. मग डॉक्टर एक बारीक नळी घालतात. ती डोक्यातून निघते आणि कातडीच्या आतून थेट पोटात जाते. जास्तीचे पाणी पोटात उतरते आणि जिरून जाते. नळीवर, कानाच्या मागे, एक इवलीशी झडप असते. पाणी किती जाऊ द्यायचे ते ती ठरवते. थोडे गेले तर डोके दुखते, आणि फार गेले तरी दुखते. म्हणजे झडपेचे काम सासरी आलेल्या नव्या सुनेसारखे. कमी बोलली तरी पंचाईत, जास्त बोलली तरी पंचाईत.

काका झडपा तपासायचे एका काचेच्या टेबलावर. ते टेबल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रोज सकाळी त्यावर पाणसळ ठेवायची, तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत पायांचे स्क्रू फिरवायचे, आणि मगच झडप आडवी ठेवून तिच्यातून पाणी सोडायचे. बुडबुडा केसभर हलला तरी काकांना चैन पडत नसे.

पण मी येण्याआधीपासून वॉर्डात एक मुलगी होती, तिचे काही केल्या बरे होत नव्हते. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण आजाराआधी ती एका जागी ठरत नसे. आता ती बहुतेक वेळ पडून असायची. झोपली की ठीक, उठून उभी राहिली की थोड्याच वेळात डोके फुटायला यायचे. तिच्या झडपेसारखीच झडप काकांनी पुन्हा पुन्हा तपासली. दर वेळी उत्तर एकच, झडप उत्तम.

एक दिवस भिंगरीला तिच्या आईने उचलून प्रयोगशाळेत आणले. तिने टेबलावरच्या झडपेकडे बराच वेळ बघितले आणि विचारले, “ही सारखी झोपूनच असते?”

“हो बाळा. अगदी सरळ. बघ, बुडबुडा मध्ये आहे की नाही?”

“मग तिला काय त्रास होणार? झोपल्यावर मलापण काही होत नाही.”

शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे बघत काकांनी पाणसळ खाली ठेवली. उभे राहिल्यावर पाणी जोरात उतरते हे दोघांनाही ठाऊक होते, कागदावर त्याची गणितेही मांडून झाली होती. पण टेबल सपाट ठेवायच्या नादात झडपेला खरोखर उभे, बसते, खेळते करून कुणी बघितलेच नव्हते. बाई हसायला लागल्या त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “काका, एवढी वर्षं आपण झोपलेल्या मुलांसाठीच झडपा बनवतोय हो!” काका ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला रंगवून सांगत, म्हणून मला पाठ झाली आहे. तेव्हापासून काका असे शरीर शोधत होते जे उठेल, बसेल आणि कुरकुर करणार नाही. ते मी निघाले.

त्यांनी माझ्या डोक्यात पाण्याची रबरी पिशवी बसवली, कानामागे झडप, कातडी नसल्यामुळे बाहेरूनच नळी, आणि पोटावर पाणी मोजायची काच. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात काहीतरी होते! भिंगरी मला बघायला आली तेव्हा तिने आधी स्वतःच्या कानामागे हात लावला, मग माझ्या.

“आई, हिलापण आहे!” मग मान तिरकी करून तिने मला नीट न्याहाळले. “पण ही किती ठम्म उभी राहते. हिचं नाव ठमी.”

झाले. रंगाऱ्याने नाव दिले नव्हते, दुकानदाराने दिले नव्हते, या चिमुरडीने दिले.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. मला झोपवत, उठवत, खुर्चीत बसवत, जिन्यावरून खालीवर नेत. काकांनी नवी झडप बनवली. तिच्यात दोन बारीक गोळ्या होत्या. मी उभी राहिले की गोळ्या खाली घरंगळून दार अर्धवट बंद करत, आडवी झाले की बाजूला होऊन वाट मोकळी करत. पाणी बेताचेच उतरू लागले. सगळे खूश. काकांनी माझ्या बांधलेल्या हाताशी हात मिळवला.

बाईंनी ही बातमी भिंगरीला सांगितली. वाटले, पोर नाचेल. तिने विचारले, “झोक्यावर बसता येईल?”

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेणे बाईंना जमत नसे. “अजून माहीत नाही गं. आधी ठमी बसेल. ठमी पास झाली की मग तू. आणि तुला पहिला झोका मी देईन.”

“नक्की?”

“नक्की.”

“स्वतः यायचं हं. मोठी माणसं दुसऱ्याला पाठवतात.”

“स्वतः येईन.”

काकांनी प्रयोगशाळेच्या तुळईला झोका टांगला. माझी ताठ मान झोक्यावर खऱ्या मुलीसारखी हलणार नाही, म्हणून त्यांनी ती कापून मध्ये स्प्रिंग बसवली. आणि मग काय सांगू मित्रांनो! दुकानात उभे राहून ज्या मुलांचा मला हेवा वाटायचा, त्यांच्यासारखी मी झोके घेऊ लागले. बाई पुढून ढकलत, काका मागून. खालच्या मजल्यावरचे कारकून वर येऊन विचारत, “हे सरकारी काम आहे का?” काका म्हणत, “हो, आणि तुमचा नंबर दुपारी आहे.”

पण पोटावरच्या काचेत पाणी भराभर चढले. पुन्हा झोका, पुन्हा तेच. मी नापास झाले. झडप उभी असताना चांगली, झोक्यावर वाईट, आणि का ते कळेना.

नेमके त्याच सुमारास एका पुरस्कारासाठी काम पाठवायचे होते. जलशीर्षावर आणि मेंदूतल्या पाण्यावर जगभर जे संशोधन होते, त्यातल्या सर्वांत उत्तम कामाला तो दरवर्षी मिळतो. विभागाचे मोठे साहेब स्वतः प्रयोगशाळेत आले.

“बाई, उभ्याचे आणि आडव्याचे आकडे उत्कृष्ट आहेत. तेवढेच पाठवा. झोक्याचं कुणी विचारलंय का?”

“भिंगरीने विचारलंय,” बाई हळूच म्हणाल्या.

काकाही साहेबांच्या बाजूने. “परीक्षेत न विचारलेल्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर कोण लिहितं हो?”

“मी लिहिते काका. एखाद्या ठिकाणी हे वाचून कुणी झडप बसवली आणि पोर झोक्यावर बसलं, तर?”

तेव्हा झोक्याचे पानही गेले. वर माझा फोटो, खाली स्पष्ट शब्दांत, की इथे आमची झडप चुकते आणि कारण आम्हाला अजून सापडलेले नाही.

पुरस्कार दुसऱ्यालाच मिळाला. साहेबांचा चेहराच पुरेसा बोलका होता. मला कोपऱ्यात कपाटामागे ढकलण्यात आले आणि माझ्या जागी एक चकचकीत नवे यंत्र आले. ते सगळे मोजायचे, फक्त झोका घ्यायचे नाही. भिंगरी मधूनमधून यायची, कपाटामागे डोकावून विचारायची, “ठमी, झालीस का पास?” मी हसत राहायची. दुसरे येतेच काय मला!

आणि एका दुपारी फोन वाजला. ज्यांना पुरस्कार मिळाला होता तेच दूरच्या प्रयोगशाळेतले संशोधक बोलत होते. माणूस फार उंच, पुढे काकांनी त्यांचे नाव जिराफ ठेवले. बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला.

“तुमचं झोक्याचं पान वाचलं. आम्हीही एक बाहुली आणून झोक्यावर बसवली. आमच्या झडपेतही गोळ्याच आहेत, तिच्यातून पाणी बेतानेच उतरलं. पण तिच्या गोळ्या अडकतात, तुमच्या अडकत नाहीत. काय भानगड आहे?”

“तुम्ही झडप कुठे बसवता?” बाईंनी विचारले.

“छातीवर. तान्ह्या बाळांची कानामागची कातडी फार नाजूक असते, म्हणून.”

बाईंनी मला कपाटामागून ओढून काढले, झोक्यावर बसवले आणि ढकलले. झोका पुढे गेला तशी स्प्रिंगवर माझी मान मागे पडली. झोक्यावर प्रत्येक मूल आभाळाकडे बघते ना, तशी.

“काका! डोकं आडवं झालं की कानामागची झडपपण आडवी होते. तिला वाटतं, पोर झोपलंय. म्हणून ती दार सताड उघडते. पण ठमी तर बसलेलीच आहे!”

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. पलीकडून फोनमध्ये जिराफ आनंदाने ओरडत होते, आणि त्यांच्या मागे आणखी कुणीतरी टाळ्या वाजवत होते.

झडप आमची, जागा त्यांची. काकांनी माझ्या छातीवर झडप बसवली आणि मी झोके घेतले. पाणी बेताने उतरले. दुसऱ्या दिवशी घेतले, तिसऱ्या दिवशी घेतले. तिकडे त्यांच्या बाहुलीनेही घेतले. मी पास झाले! पुढे मोठमोठ्या तपासण्या झाल्या, परवानग्या मिळाल्या, आणि मग बाईंनी भिंगरीला नवी झडप बसवली. ती शुद्धीवर येऊन दोन दिवसांनी उभी राहिली, चालली, आणि डोके दुखले नाही. तिची आई खिडकीकडे तोंड करून रडली. भिंगरी म्हणाली, “आई, मी इकडे आहे.” झोक्याला मात्र जखम भरेपर्यंत सक्त मनाई होती.

पुढच्या वर्षीचा पुरस्कार दोघांना मिळून जाहीर झाला, आणि समारंभ आमच्याच रुग्णालयाच्या सभागृहात ठरला. साहेबांनी व्यासपीठाजवळ ते चकचकीत यंत्र मांडून ठेवले होते. जिराफ आले, यंत्राला वळसा घालून म्हणाले, “हे छान आहे. पण ठमी कुठे आहे?” पाच मिनिटांत साहेब स्वतः मला दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. नाकाला रुमालही लावला नव्हता, एवढी धूळ असून!

पुरस्कार देणाऱ्या आजी स्वतः या विषयात आयुष्य घालवलेल्या. काठी टेकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भाषण लिहून आणलंय, पण ते मोठं आहे आणि मला भूक लागलीय. एवढंच सांगते. चांगली उत्तरं आमच्याकडे दरवर्षी पुष्कळ येतात. गेल्या वर्षी एक पान असं आलं की ज्यावर लिहिलं होतं, आम्ही इथे पडलो, तुम्ही सांभाळा. तेव्हा त्या पानाची किंमत आम्हाला कळली नाही. ती चूक आज सुधारतोय.”

टाळ्या थांबेनात. बाईंनी वाकून नमस्कार केला, काकांना हाताला धरून व्यासपीठावर ओढले, आणि जिराफांसाठी फोटोवाल्याला चार पावले मागे जावे लागले.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे, तेव्हा दोन शब्द हक्काने सांगते. जुनी, रंग उडालेली वस्तू फेकण्याआधी एकदा टिचकी मारून बघा, आत अजून काय मावेल ते. एखाद्या बाळाचे डोके झपाट्याने वाढताना दिसले तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. तुमच्या वर्गात कुणाच्या कानामागे नळीचा उंचवटा असेल तर टक लावून बघू नका. त्याला खेळायला घ्या. आणि कुठे पडलात तर ती जागा लपवू नका. मागून येणाऱ्याला सांगा.

समारंभानंतर चहा सुरू झाला. सभागृहात नुसता गलका. साहेबांना बाईंबरोबर फोटो हवा होता. “बाई कुठायत?” ते विचारू लागले. काकांनी बिस्किट चहात बुडवत सांगितले, “इथेच असतील हो. या ना, तोवर ठमीबरोबर काढू.”

मी मागच्या उघड्या दाराकडे तोंड करून बसले होते, म्हणून मला दिसले. त्या दिवशी सकाळीच भिंगरीची जखम तपासून बाईंनी तिला मोकळे केले होते. आता त्यांनी मानचिन्ह माझ्या मांडीवर ठेवले, डोळे मिटून घटकाभर हात जोडले, पदर खोचला आणि कुणाला न सांगता मागच्या दाराने बाहेर पडल्या. खाली मैदानाच्या टोकाला, झोक्याजवळ, एक मुलगी आईचा हात धरून उभी होती. बाई त्या दिशेने झपाझप चालू लागल्या.